उमेदवारीची चार वर्षे

आपल्याकडे कोणत्याही कलेत वा कसबात माणूस मुरण्यापूर्वी त्याला काही काळ उमेदवारी करावी लागते. सोनाराच्या पेढीवर, वकिलाच्या कचेरीत, गवयाच्या घरी हा काळ कसा गेला यावरून पुढच्या माणसाची घडण ठरते. खेळाडूच्या बाबतीत मात्र आपण हा काळ सहसा विसरतो. त्याचे विक्रम आपल्या कानी येतात ते तो शिखरावर पोहोचल्यावर. पायथ्याशी तो किती वेळा घसरला याची वार्ता कोणी आणीत नाही. आज मी ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, त्याच्या कीर्तीविषयी बोलण्याचे फारसे कारण नाही. स्टीफन करी या अमेरिकन बास्केटबॉलपटूचे नाव आता सर्वतोमुखी आहे. परंतु 2009 ते 2013 या त्याच्या व्यवसायातील पहिल्या चार हंगामांत हे नाव पुसले जाण्याची वेळ खरोखरीच आली होती. ती का आली आणि कशी टळली, हा आजचा विषय.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. बास्केटबॉल हा खेळ 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने बेतला. हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे म्हणून त्याने फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या आणि तीत चेंडू टाकण्याची शर्यत लावली. टोपलीची जागा पुढे लोखंडी कड्याने आणि जाळीने घेतली. पण जमिनीपासूनची तिची दहा फूट उंची आजतागायत तीच आहे. ज्या ख्रिस्ती युवक संघटनेच्या शाळेत हा खेळ जन्मला, तिच्याच शाखांमार्फत तो जगभर गेला आणि आपल्या देशातही रुजला. 1920 साली मद्रासला निघालेल्या तिच्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयाने कितीतरी क्रीडाशिक्षक तयार केले. शाळेच्या पटांगणात एका खांबावर लोखंडी कडे लटकलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

एका बाजूला पाच खेळाडू असतात. त्यांतले दोघे गार्ड म्हणवतात. गार्ड म्हणजे रखवालदार. पण या नावावरून त्यांच्या कामाची कल्पना येत नाही. गार्ड हा बहुधा चमूतला बुटका गडी. चेंडू जमिनीवर आपटीत पुढे न्यायचा, प्रतिपक्षाची मांडणी क्षणात हेरायची, योग्य सोबत्याला योग्य वेळी चेंडू पोहोचवायचा आणि वाट मोकळी दिसताच स्वतः टोपलीवर नेम धरायचा, ही त्याची कामे. व्यावसायिक सामन्यात चेंडू हाती आल्यापासून 24 सेकंदांत तो टोपलीकडे फेकावाच लागतो. हा नियम 1954 साली आला. म्हणजे गार्डला विचार करावयाचा तो धावता धावता. खो-खोत पाठलाग करणारा गडी जसा धावतानाच कोणाला खो द्यायचा हे ठरवतो, तसेच काहीसे हे आहे.

आणखी एक नियम लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपली सारी कथा त्याच्याभोवती फिरते. टोपलीत गेलेला साधा चेंडू दोन गुणांचा. परंतु टोपलीपासून 23 फूट 9 इंचांवर एक कमानदार रेषा आखलेली असते. मैदानाच्या कोपऱ्यांत ती 22 फुटांवर येते. तिच्याबाहेरून चेंडू टाकला तर तीन गुण मिळतात. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक संघटनेने ही रेषा 1979 सालच्या हंगामापासून स्वीकारली. तीन दशकेपर्यंत बहुतेक शिक्षक या लांबच्या फेकीकडे जेवणातल्या चटणीप्रमाणे पाहत असत : चवीपुरती असावी, पोट तिने भरत नाही.

स्टीफनचा जन्म 14 मार्च 1988 चा, ओहायो राज्यातील ॲक्रन गावचा. वाढला मात्र तो शार्लट शहरी. वडील डेल करी हे स्वतः सोळा हंगाम व्यावसायिक बास्केटबॉल खेळले, आणि दुरून अचूक नेम साधणारे म्हणून त्यांची ख्याती होती. आई व्हॉलीबॉल खेळणारी. तेव्हा खेळ हा घरचाच वारसा होता. पण वारशाने नजर मिळाली तरी उंची आणि बळ काही मिळाले नाही. शाळकरी स्टीफन इतका किरकोळ होता की चेंडू टोपलीपर्यंत पोहोचविण्यासाठी तो कमरेजवळून वर लोटीत असे. वडिलांनी ओळखले की महाविद्यालयातील धिप्पाड गडी असली फेक सहज अडवतील. एका उन्हाळ्यात त्यांनी मुलाची ती सवय मोडायला घेतली. चेंडू हातातून सुटायचा तो कपाळाच्या वरूनच, असा दंडक घातला. जुनी रीत मोडली आणि नवी बसेना, अशा अवस्थेत कित्येक आठवडे गेले. टोपलीच्या अगदी जवळूनही नेम चुकू लागला. तो उन्हाळा आपल्याला रडविणारा होता असे स्टीफनने पुढे सांगितले आहे. जे येत होते ते सोडून जे येत नाही ते हाती धरण्याचा हा पहिला प्रसंग. पुढे तो पुन्हा यावयाचा होता.

शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांपैकी कोणीही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मैदान वडिलांनी गाजविले होते, तेथेही शिष्यवृत्तीवाचून चमूत ये, एवढेच निमंत्रण होते. अखेर डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयाने आणि तेथील शिक्षक बॉब मॅकिलप यांनी त्याला जवळ केले. पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. दुसऱ्या दिवशी मॅकिलप यांनी त्याला पुन्हा मैदानात उतरविले, आणि मिशिगनविरुद्ध त्याने 32 गुण केले. 2008 साली या चिमुकल्या डेव्हिडसनने राष्ट्रीय स्पर्धेत गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन यांना एकामागून एक हरविले आणि कॅन्ससविरुद्ध 59-57 असा केवळ दोन गुणांनी पराभव पत्करला. देशाला त्याचे नाव कळले ते तेव्हा.

व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी पाळीपाळीने करतात. 2009 च्या जूनमध्ये ही निवड न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या वास्तूत झाली. मिनेसोटाच्या संघाला लागोपाठ दोन पाळ्या होत्या, पाचवी आणि सहावी. त्याने दोन्ही वेळा गार्डच निवडले, पण स्टीफनला वगळले. आठवी पाळी न्यूयॉर्कची होती, आणि तेथील रसिकांना तो हवा होता. सातव्या पाळीला कॅलिफोर्नियातील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने त्याचे नाव घेतले, तेव्हा सभागृहातील न्यूयॉर्ककरांचा विरस झाला. हे मॅडिसन स्क्वेअर गार्डन आपल्या कथेत पुन्हा येईल.

आता प्रश्न असा की, ज्याने महाविद्यालयीन मैदान इतके गाजविले त्याला सहा जणांनी मागे का टाकले? परीक्षकांचे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. तो सडपातळ होता. अंगात उसळी बेताची होती. शिवाय चमूचे सूत्रसंचालन करणारा गार्ड आणि गुण मिळविणारा गार्ड या दोहोंपैकी तो नेमका कोणत्या चौकटीत बसतो, याचा उलगडा होत नव्हता. ज्या वस्तूला ठरलेला खण नाही ती अडगळीत जाण्याचा संभव अधिक, हा अनुभव घरात येतो तसाच बाजारातही येतो.

वॉरियर्सकडेही सर्व अनुकूल होते असे नाही. संघात मॉन्टा एलिस हा चपळ आणि लोकप्रिय गार्ड आधीच होता, आणि इतके ठेंगणे दोन गार्ड एकत्र नांदणार नाहीत असे त्याने हंगामापूर्वीच वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना उघड सांगून टाकले होते. नवख्याचे असे स्वागत झाले. परंतु डॉन नेल्सन या वयोवृद्ध शिक्षकाच्या हाताखाली स्टीफन पहिल्या वर्षी 80 सामने खेळला. सामन्यागणिक साडेसतरा गुण, आणि तिहेरी गुणांच्या 166 यशस्वी फेकी. नवख्या खेळाडूने एका हंगामात इतक्या फेकी तोपर्यंत कधी केल्या नव्हत्या. 2010 च्या फेब्रुवारीत एका सामन्यात त्याने 36 गुण केले, 10 वेळा परतलेला चेंडू झेलला आणि 13 वेळा सोबत्यांना गुण मिळवून दिले. वर्षातील सर्वोत्तम नवोदिताच्या निवडीत त्याला दुसरे स्थान मिळाले. संघ मात्र 82 पैकी 56 सामने हरला. दुसऱ्या वर्षी त्याची सरासरी 18.6 गुणांवर गेली आणि मुक्त फेकीतील अचूकता शेकडा 93 च्या वर पोहोचली. त्या हंगामात ती सर्वांत उच्च होती. वरवर पाहता उमेदवारी सुरळीत चालली होती.

परंतु याच दुसऱ्या हंगामात त्याचा उजवा घोटा वरचेवर मुरगळू लागला.

घोटा मुरगळणे ही आपल्याला क्षुल्लक बाब वाटते. पण तिचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. घोट्याच्या बाहेरील बाजूस हाडांना हाडाशी जखडणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात. पाऊल आत वळून शरीराचा भार बाहेरच्या कडेवर आला की हे बंध ताणले जातात, कधी फाटतात. एकदा सैल पडलेला बंध पूर्वीइतका ताठ होतोच असे नाही. दोरी सैल झालेल्या खाटेप्रमाणे सांध्याला झोल येतो आणि तो पुन्हा पुन्हा मुरगळतो. त्यातच या बंधांत जे सूक्ष्म मज्जातंतू असतात ते पाऊल कोठे आणि कसे पडले याची वर्दी मेंदूला देतात. दुखापतीने ती वर्दीही मंदावते. गार्डचा सारा खेळ म्हणजे एकाएकी थांबणे, एकाएकी वळणे. ज्या पायावर तो प्रतिपक्षाला हुलकावणी देतो, तोच पाय त्याला दगा देऊ लागला तर त्याच्याजवळ उरते काय?

2011 च्या मे महिन्यात घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर मालक आणि खेळाडू यांच्यातील वेतनाच्या वादामुळे जुलैपासून डिसेंबरपर्यंत टाळेबंदी होती. त्या काळात संघाच्या वैद्यांना खेळाडूशी संपर्क ठेवण्याचीही मुभा नव्हती, म्हणजे दुरुस्त झालेल्या घोट्याची देखरेख संघाच्या हाती राहिली नाही. हंगाम उशिरा सुरू झाला, 66 सामन्यांचा. घोटा पुन्हा मुरगळला, आणि पुन्हा. त्या वर्षी स्टीफन अवघे 26 सामने खेळला. एखाद्या कारागिराने दुकान मांडावे आणि महिन्यातून दहाबारा दिवसच उघडावे, तशी ही गत.

2012 च्या मार्च महिन्यात संघचालकांपुढे पेच पडला. दोन ठेंगणे गार्ड एकत्र ठेवून संघ जिंकत नाही, हे तीन वर्षांत दिसून आले होते. तेव्हा एक द्यावयाचा. कोणता? मॉन्टा एलिस धडधाकट होता, रोज खेळत होता, प्रेक्षकांचा लाडका होता. स्टीफन जायबंदी होता. असे असता 13 मार्च रोजी संघाने एलिसला मिलवॉकीकडे पाठविले आणि त्याच्या बदल्यात अँड्र्यू बोगट हा सात फुटी खेळाडू घेतला. बोगटचाही घोटा त्या वेळी मोडलेलाच होता. म्हणजे धट्टाकट्टा देऊन एक जायबंदी आणला, तोही दुसऱ्या जायबंदीला सोबत म्हणून! त्यानंतर सहाच दिवसांनी एका जुन्या खेळाडूच्या गौरवसमारंभात संघाचे मालक बोलावयास उभे राहिले, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली आणि त्यांना बोलणे अवघड करून टाकले.

एप्रिलच्या अखेरीस स्टीफन दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेच्या मेजावर गेला. काय करावे लागेल हे आधी निश्चित नव्हते; सांधा उघडल्यावरच ते ठरावयाचे होते. अस्थिबंध पुन्हा नव्याने बांधावे लागले असते तर पुढील हंगामही धोक्यात आला असता. सुदैवाने पहिल्या वेळचे बंध शाबूत होते. जखम भरताना जमलेला निरुपयोगी ऊतींचा थर आणि बारीकसारीक कचरा तेवढा काढून टाकावा लागला. या कथेतील दैवाचा वाटा एवढाच, पण तो नाकारता येणार नाही. तितक्याच मेहनती कितीतरी खेळाडूंच्या बाबतीत सांधा उघडल्यावर वेगळे चित्र दिसले आहे, आणि त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

उरलेला वाटा मात्र प्रयत्नाचा होता. संघाच्या व्यायामतज्ज्ञांनी मूळ रोग केवळ घोट्यात नाही हे हेरले. स्टीफन दिशा बदलताना सारा भार पावलावर आणि घोट्यावर घेत असे. तोच भार जर खुब्याच्या आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंनी पेलला, तर घोट्यावर येणारा ताण आपोआप कमी होईल. म्हणून जड वजने उचलून खुब्याभोवतीचे स्नायू बळकट करण्याचा आणि कमरेतून वाकून वळण्याचा नवा परिपाठ सुरू झाला. भिंतीला तडा गेला असता गवंडी तड्यात चुना भरतो. शहाणा गवंडी पाया तपासतो. शाळकरी वयात ज्याने फेकीची रीत मोडून नवी शिकली होती, त्याने आता चालण्यावळण्याची रीतही नव्याने शिकली.

31 ऑक्टोबर 2012 हा त्याचा करार वाढविण्याचा अखेरचा दिवस होता. त्या दिवशी उभयतांनी चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लक्ष डॉलर्सचा करार केला. आपल्याला ही रक्कम डोळे दिपविणारी वाटेल. परंतु त्या व्यवसायाच्या मानाने ती बेताचीच होती. स्टीफनने मोठ्या रकमेची आशा सोडून सुरक्षितता घेतली, आणि संघाने दुबळ्या घोट्यावर पैज लावली. दोघांच्याही मनात धास्ती होती, म्हणूनच सौदा जमला. पुढे याच स्वस्त कराराने वाचलेल्या पैशांतून संघाला इतर चांगले खेळाडू घेणे सुकर झाले, हा त्या धास्तीचा अनपेक्षित लाभ.

आणि मग चौथा हंगाम आला. संघाची सूत्रे आता निर्विवादपणे स्टीफनच्या हाती होती. 82 पैकी 78 सामने तो खेळला. 27 फेब्रुवारी 2013 रोजी संघ न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उतरला. चार वर्षांपूर्वी एका पाळीने हुकलेला हा गार्ड न्यूयॉर्ककरांनी त्या रात्री डोळे भरून पाहिला. 48 मिनिटांचा संपूर्ण सामना तो एकदाही न बसता खेळला. 54 गुण केले. तिहेरी गुणांसाठी केलेल्या 13 फेकींपैकी 11 टोपलीत गेल्या. सामना न्यूयॉर्कने 109-105 असा जिंकला, तरी प्रतिपक्षाचे प्रेक्षकही त्याच्या प्रत्येक फेकीला श्वास रोखून उभे राहत होते. हंगामाअखेर त्याच्या तिहेरी फेकींची संख्या 272 झाली आणि रे ॲलन याचा 269 चा विक्रम मागे पडला.

येथे थोडे गणित करू. त्या हंगामात स्टीफनने अशा 600 फेकी केल्या आणि 272 साधल्या, म्हणजे शंभरात 45. प्रत्येकीला तीन गुण, तेव्हा शंभर फेकींचे सुमारे 135 गुण झाले. आता दोन गुणांच्या फेकीने 135 गुण मिळवावयाचे तर शंभरात 67 किंवा 68 वेळा नेम साधला पाहिजे, आणि तितकी अचूकता टोपलीखाली उभ्या असलेल्या धिप्पाड खेळाडूलाही क्वचितच साधते. म्हणजे ज्या फेकीला आजवर चटणी समजत होते, ती योग्य हाती पडली तर तेच पोटभरीचे अन्न ठरते. शिवाय असा माणूस रेषेबाहेर उभा राहिला की प्रतिपक्षाला दूरवर त्याच्या अंगावर धावून जावे लागते. टोपलीजवळची जागा मोकळी होते आणि सोबत्यांचे काम सोपे होते. ज्याला ठरलेला खण नव्हता, त्याने आपल्यासाठी नवा खण तयार केला, आणि पुढे साऱ्या खेळाची मांडणी त्या खणाभोवती बदलली.

त्या वर्षी वॉरियर्सने 47 सामने जिंकले आणि 2007 नंतर प्रथमच निर्णायक फेरीत प्रवेश केला. डेन्व्हरला त्यांनी 4-2 असे नमविले. सॅन अँटोनिओकडून 4-2 असेच ते हरले. उमेदवारी येथे संपली. नंतरचे सर्वश्रुत आहे : 2015 साली चाळीस वर्षांनंतर संघाला मिळालेले विजेतेपद, 2016 साली एकमताने झालेली सर्वोत्तम खेळाडूची निवड, 2021 च्या डिसेंबरात त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या व्यावसायिक संघटनेतील एकंदर तिहेरी फेकींचा विक्रम, 2024 साली पॅरिसमधील ऑलिंपिक सुवर्णपदक. ही सारी फळे. आपण आज पाहिले ते बी आणि त्यावर पडलेला पाला.

या चार वर्षांवरून काय समजावे? चिकाटीने सर्व काही साधते, असा सोपा बोध मी काढणार नाही. सांधा उघडल्यावर बंध तुटलेले निघाले असते तर चिकाटी काय करणार होती? मला दिसते ते एवढेच. दैव जेव्हा एखादी संधी पुढे ठेवते, तेव्हा ती उचलण्याइतकी तयारी आधीच झालेली असावी लागते; आणि ती तयारी बहुधा जुनी सवय मोडण्याच्या कडू कामातून होते. दुसरे असे की, एकट्या उमेदवाराच्या धीराने भागत नाही. तेरा वेळा चेंडू गमावणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरविणारा शिक्षक लागतो. हजारो लोक हुर्यो उडवीत असता जायबंदी माणसाची पाठराखण करणारे चालक लागतात. आपल्या शाळांत, कार्यालयांत, आखाड्यांत असे कितीतरी किरकोळ अंगाचे आणि कोणत्याच खणात न बसणारे उमेदवार असतात. त्यांतला प्रत्येक जण स्टीफन करी होणार नाही हे खरे. परंतु त्यांतला कोण काय होणार, हे पहिल्या चार वर्षांत ओळखता येते अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी मिनेसोटाच्या त्या दोन पाळ्या एकवार आठवाव्यात.